ठसा आधी, घडी नंतर: रबर स्टॅम्पनं शुभेच्छाकार्डं आणि सणासुदीची कागदी सजावट

स्टॅम्प चांगला, शाई चांगली, कागदही निवडून आणलेला. तरी ठसा अर्धवट उमटतो, कडेला डाग पडतो, मजकूर तिरका येतो. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, क्रमाचा असतो. आधी घडी घालून कार्ड तयार करायचं आणि मग त्यावर ठसा मारायचा, हा सर्रास दिसणारा चुकीचा क्रम. एक ठसा बिघडला की अख्खं कार्ड वाया जातं, आणि ते वाया जाईल या धास्तीनं हात आणखी थरथरतो.

खालचा क्रम उलटा आहे. ठसे सुट्या तुकड्यांवर मारायचे, त्यातले चांगले निवडायचे, रंगवायचे आणि सगळ्यात शेवटी कार्डाच्या पायावर चिकटवायचे. कागदी सजावटीलाही हाच नियम: सपाट कागदावर छापून घ्या, वाळू द्या, मग दुमडा.

## टप्पा १: आधी पाकीट ठरवा, मग कार्ड

नक्षीपासून सुरुवात केली की शेवटी कार्ड पाकिटात मावत नाही, नाहीतर आत खुळखुळतं. तयार पाकिटं ठरावीक मापांतच मिळतात, म्हणून माप पाकिटावरून धरा. सगळ्यात सोयीचं माप ए-६: बंद कार्ड १४.८ × १०.५ सेंमी. त्याला सी-६ पाकीट (१६.२ × ११.४ सेंमी) नीट बसतं. एका ए-४ कागदातून अशी दोन कार्डं निघतात आणि कागद वाया जात नाही.

कार्डाचे दोन भाग धरा. एक पाया, म्हणजे घडीचं कार्ड. दुसरा दर्शनी तुकडा, ज्यावर ठसे येतील. पाया १४.८ × १०.५ असेल तर दर्शनी तुकडा १४.२ × ९.९ कापा; चारही बाजूंना ३ मिलिमीटरची किनार सुटते. मध्ये वेगळ्या रंगाचा थर हवा असेल तर तो १४.२ × ९.९ आणि त्यावरचा ठशांचा तुकडा १३.८ × ९.५.

जितके पाये, त्याहून दर्शनी तुकडे जास्त कापा. २० कार्डं करायची असतील तर २५ तुकडे तरी हवेत. हाताशी जादा तुकडे आहेत हे माहीत असलं की ठसा मोकळेपणानं मारला जातो.

आणि एकेक कार्ड पूर्ण करत बसू नका. सगळ्या तुकड्यांवर मुख्य ठसा, मग सगळ्यांवर दुसरा रंग, मग मजकूर. हात बसतो, दाब सारखा पडतो, आणि शेवटचा तुकडा छापून होईपर्यंत पहिला वाळत आलेला असतो.

## टप्पा २: कागद निवडा आणि त्याची दिशा ओळखा

पायाला २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅम; आकडा मोठा तितका कागद जाड), कोटिंग नसलेला, गुळगुळीत कागद घ्या. दर्शनी तुकड्याला २०० ते २५० पुरतो. प्रिंटरचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद पायाला चालत नाही. कार्ड उभंच राहत नाही. दाणेदार, हातकागदासारखा पोत देखणा दिसतो, पण त्यावर बारीक रेषांचा स्टॅम्प तुटक उमटतो. तो ठळक, भरीव पानाफुलांच्या स्टॅम्पसाठी राखून ठेवा.

आता दिशेबद्दल. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. त्यांना समांतर घातलेली घडी स्वच्छ पडते. आडवी घातली की जाड कागद घडीवर फुटतो आणि रंगीत कागद असेल तर आतला पांढरा गाभा दिसायला लागतो. दिशा ओळखायला कागद न मोडता आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहा. जसं वाकवताना कमी विरोध जाणवतो, घडीही तशीच घाला.

ए-४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. असा कागद मधोमध आडवा कापून १४.८ × २१ सेंमीचे दोन तुकडे करा आणि २१ सेंमीची बाजू निम्म्यावर दुमडा; घडी तंतूंना समांतर येते. तोच ए-४ उभा चिरून १०.५ × २९.७ च्या पट्ट्या केल्या तर बंद कार्डाचं माप तेच राहतं, पण घडी तंतूंना आडवी पडते. घडी फुटते म्हणून कागदाला नावं ठेवली जातात, तेव्हा चूक अनेकदा कापण्याच्या दिशेत असते.

तपासा: कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा लहानसा थेंब सोडा. थोड्या वेळात तो मुरला तर कागद उघडा आहे. मोत्यासारखा वर राहिला तर कागदावर कोटिंग आहे, आणि त्यावर वाटेल ती शाई चालणार नाही. पुढचा टप्पा त्यासाठीच.

## टप्पा ३: शाई आणि कागद यांची जोडी जमवा

इंकपॅड रंग पाहून घेतलं जातं, पण पाहायचा असतो शाईचा प्रकार.

डाय शाई पातळ आणि पारदर्शक असते, कागदात मुरते, लवकर वाळते. उघड्या कागदावरच्या रोजच्या कामाला हीच घ्या. मात्र गडद कागदावर ती दिसत नाही, आणि बऱ्याच डाय शाया पाणी लागलं की पसरतात.

पिगमेंट शाई दाट असते आणि कागदाच्या पृष्ठभागावर बसते. रंग भरीव येतो, पण वाळायला वेळ लागतो. रात्रभर पसरून ठेवावं हे बरं. चकचकीत कागदावर तर ती आपोआप वाळतच नाही, दोन दिवसांनीही बोटाला लागते. एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून उष्णतेनं वितळवायची, म्हणजे ठसा उठून दिसतो) धरून ठेवायला मात्र हा मंदपणाच कामाचा.

सॉल्व्हंट शाई चकचकीत कागद, प्लॅस्टिक, काच यांवर टिकते. तिला वास असतो, खिडकी उघडी ठेवून काम करा. क्लिअर स्टॅम्प (पारदर्शक, सुटे स्टॅम्प; टप्पा ४ पाहा) वारंवार या शाईत वापरू नयेत आणि ते पुसायला सॉल्व्हंट क्लीनर तर मुळीच नको. त्यानं स्टॅम्पचं मटेरियल खराब होतं.

एम्बॉसिंग शाई रंगहीन, चिकट आणि सावकाश वाळणारी. टप्पा ८ मध्ये ती लागेल.

ठशात नंतर रंग भरणार असाल तर तेही आत्ताच ठरवा. जलरंग किंवा पाण्यात विरघळणारी स्केचपेनं वापरायची तर बाह्यरेषा जलरोधक शाईची हवी. अल्कोहोल मार्कर वापरायचे तर सॉल्व्हंट शाई टाळा, कारण मार्करमधल्या अल्कोहोलनं तिची रेषा विरघळून पसरते. अशा मार्करसोबत चालते असं लिहिलेली डाय शाई घ्या. रंगीत पेन्सिली सगळ्याच शायांशी जमवून घेतात. नवशिक्यांना मी पेन्सिलीच सुचवेन.

सावधान: पॅडवर लिहिलेल्यावर विसंबून थेट दर्शनी तुकड्यावर जाऊ नका. जो कागद वापरणार त्याच्याच कापलेल्या कपट्यावर एक ठसा मारा, वाळू द्या, त्यावर ठरवलेला रंग फिरवा आणि बोटानं घासून पाहा. जोडी जमते की नाही ते तिथेच कळतं.

## टप्पा ४: स्टॅम्प कामाला तयार करा

लाकडी ठोकळ्यावरच्या रबर स्टॅम्पखाली फोमची गादी असते. तो घट्ट, सपाट टेबलावर वापरा. पारदर्शक क्लिअर स्टॅम्प सुटे असतात. ते अ‍ॅक्रिलिक ब्लॉकला, म्हणजे पारदर्शक कडक प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला, चिकटवून वापरायचे. त्यांना स्वतःची गादी नसते, म्हणून दर्शनी तुकड्याखाली पातळ फोम शीट किंवा माऊस पॅड ठेवा. ठशाच्या मधला भाग फिका येण्याचं निम्मं कारण ही गादी नसणं असतं.

नव्या क्लिअर स्टॅम्पवर कारखान्यातला एक निसरडा थर राहिलेला असतो. त्यावर शाई सारखी पसरत नाही, थेंबाथेंबांनी गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. साध्या खोडरबरानं स्टॅम्पचा पृष्ठभाग हलक्या हातानं घासा, ओल्या कपड्यानं पुसा, मग वापरा. भरीव आकाराच्या स्टॅम्पना हे हमखास लागतं.

ब्लॉकवर चिकटवताना स्टॅम्प ताणू नका, वरून सोडा. ताणून बसवला तर सरळ रेषा कमानीसारखी छापली जाते, आणि मजकुराच्या स्टॅम्पमध्ये ते लगेच डोळ्यात भरतं.

## टप्पा ५: ठसा मारा

१. स्टॅम्प टेबलावर तोंड वर करून ठेवा आणि पॅड त्यावर टेकवत जा. स्टॅम्प पॅडवर दाबला की खोबणीत आणि कडांवर शाई जाते. लहान स्टॅम्पला एकवेळ चालेल, मोठ्याला नाही.

२. हलक्या हातानं, पुष्कळदा टेकवा. दाबून घासू नका. स्टॅम्प उजेडात तिरका धरून पाहा: सगळीकडे सारखी ओलसर चकाकी हवी. निस्तेज दिसेल तिथे शाई पोचलेली नाही.

३. स्टॅम्पच्या कडेच्या रबरावर शाई लागली असेल तर ठसा मारण्याआधी कपड्यानं पुसा. ठशाभोवती दिसणारे तुटक डाग इथूनच येतात.

४. स्टॅम्प सरळ वरून खाली टेकवा. कागदाला टेकला की जागा बदलायचा मोह आवरा. तिरका पडला असेल तर तिरका राहू द्या, सरकवलात तर दुहेरी रेषा येते.

५. एका हातानं स्टॅम्प स्थिर धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मध्यभाग आणि चारही कोपरे क्रमानं दाबा. स्टॅम्प डोलवू नका. कार्यालयातला शिक्का मारायची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास डोलतो.

६. डाव्या हातानं कागद धरा आणि स्टॅम्प सरळ वर उचला.

पहिला ठसा नेहमी कपट्यावर. कोरड्या स्टॅम्पला शाई धरायला एक ठसा जावा लागतो.

तपासा: ठसा कुठे फिका आहे ते पाहा. मधोमध फिका असेल तर गादी नाही किंवा दाब कमी. एका बाजूला फिका असेल तर टेबल सपाट नाही किंवा हात कलता आहे. सगळीकडे ठिपके असतील तर टप्पा ४ मधलं खोडरबर. रेषा जाड होऊन एकमेकींत मिसळत असतील तर शाई जास्त झाली.

शाई न लावता त्याच स्टॅम्पचा लगेच दुसरा ठसा मारला तर तो फिकट येतो. ही फिकट छटा फार कामाची आहे. गडद पानांच्या मागे त्याच पानांचे फिकट ठसे आले की एका पॅडमध्ये खोली दिसते. झडलेल्या पानांचा किंवा हिमाचा देखावा करताना दुसरा पॅड शोधण्याआधी हे करून बघा.

## टप्पा ६: एकामागे एक आकृत्या, म्हणजेच मास्किंग

इथे क्रम डोक्याला उलटा वाटतो, म्हणून सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. चित्रात जे पुढे दिसायला हवं, ते आधी छापायचं. फुलदाणी पुढे आणि पानं मागे असतील तर फुलदाणी पहिली.

१. फुलदाणीचा ठसा दर्शनी तुकड्यावर मारा, वाळू द्या.

२. तोच ठसा चिकट चिठ्ठीवर मारा. चिठ्ठीचा चिकट भाग आकृतीच्या मागे येईल अशा बेतानं मारा.

३. चिठ्ठीवरची आकृती कापा, पण बाह्यरेषेच्या किंचित आतून. बाहेरून कापली तर दोन आकृत्यांमध्ये पांढरी फट राहते.

४. हा मास्क तुकड्यावरच्या फुलदाणीवर तंतोतंत बसवा.

५. आता पानांचा स्टॅम्प अर्धा मास्कवर, अर्धा कागदावर येईल असा मारा. मास्क काढा.

सावधान: मास्क जाड कागदाचा करू नका. त्याच्या कडेशी स्टॅम्प उचलला जातो आणि पुढच्या आकृतीभोवती न छापलेली कड राहते.

## टप्पा ७: रंग

शाई पुरती वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. फिकटपासून गडदकडे जा, उजेड एकाच बाजूनं येतोय असं धरा आणि सावली सगळ्या आकृत्यांत त्याच्या विरुद्ध बाजूला द्या. बारीक नक्षीचा ठसा पूर्ण रंगवायची गरज नसते. चार पानांपैकी एक रंगवून बाकीची रेषांतच सोडली तर कार्ड जास्त उठावदार दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ८: हीट एम्बॉसिंग

गडद निळ्या कागदावर पांढरे हिमकण हवे असतील तर पांढऱ्या इंकपॅडनं बहुधा निराशा होते, ठसा धुरकट राहतो. तिथे रंगहीन एम्बॉसिंग शाई आणि वर पांढरी अपारदर्शक पावडर हाच उपाय.

१. कागदावर अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवा. बोटांचं तेल आणि स्थिर वीज यांना एम्बॉसिंग पावडर चिकटते. ही पायरी गाळली की ठशाभोवती कण विखुरलेले दिसतात.

२. एम्बॉसिंग किंवा पिगमेंट शाईनं ठसा मारा. डाय शाई नको, पावडर टाकेपर्यंत ती वाळते.

३. लगेच भरपूर पावडर ओता. जादा पावडर दुमडलेल्या कागदावर झटकून डबीत परत घाला.

४. कागद तिरका धरून पाहा. भलत्या जागी बसलेले कण कोरड्या बारीक ब्रशनं उचला. एकदा वितळल्यावर ते निघत नाहीत.

५. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) आधी १०-१५ सेकंद हवेत चालू ठेवा, मग कागदाकडे वळवा. थंड गन थेट धरली तर वितळण्याआधीच झोतानं पावडर उडते.

६. ५ ते ८ सेंमी अंतरावरून एका कडेपासून सुरू करा. खरखरीत दिसणारी पावडर एकाएकी गुळगुळीत आणि चमकदार होते. ते दिसलं की पुढे सरका.

सावधान: केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. त्याची उष्णता कमी आणि झोत जोराचा असतो. हीट गन कटिंग मॅटवर वापरू नका, मॅट वाकडी होते. लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा घ्या. कागद चिमट्यानं धरा. मुलं सोबत असतील तर ही पायरी मोठ्यांनीच करायची.

तपासा: तिरक्या उजेडात सगळीकडे सारखी चमक आहे? खरखरीत भाग उरला असेल तर अजून उष्णता हवी. ठसा चपटा, तेलकट दिसत असेल तर उष्णता जास्त झाली, आणि तो तुकडा बाद.

जलरंग वापरायचे असतील तर एम्बॉसिंग आधी करा, रंग नंतर. वितळलेली रेषा पाणी धरत नाही, रंग तिच्या आतच अडतो. रेषेवर चढलेला थेंब टिशूनं टिपला की ती पुन्हा स्वच्छ.

## टप्पा ९: मजकूर

कार्डाचं बाकी सगळं जमलं आणि मजकूर तिरका पडला, तर नजर तिथेच जाते. म्हणून दर्शनी तुकडा सुटा असतानाच मजकूर छापा. थर चिकटवल्यावर पृष्ठभाग उंचसखल होतो आणि अर्धी अक्षरं उमटत नाहीत.

क्लिअर स्टॅम्प असेल तर ब्लॉकवरची आखणी आणि अक्षरांची शिरोरेषा समांतर लावा, मग ब्लॉकची कड तुकड्याच्या कडेशी समांतर धरा. लाकडी ठोकळ्याआरपार काही दिसत नाही, त्याला वेगळी युक्ती लागते. जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर चिकटवून काटकोनी गुणिया करा. त्याच्या आतल्या कोपऱ्यात ट्रेसिंग पेपरचा काटकोनात कापलेला तुकडा बसवा, ठोकळा त्याच कोपऱ्यात टेकवून ठसा मारा. आता हा ट्रेसिंग पेपर कार्डाच्या तुकड्यावर सरकवत मजकूर हवा तिथे आणा. गुणिया ट्रेसिंगच्या कोपऱ्याला नेऊन भिडवा, ट्रेसिंग काढून घ्या, आणि गुणिया न हलवता ठोकळा त्याच कोपऱ्यात टेकवा. मजकूर दाखवलेल्या जागीच पडतो.

हवा तो मराठी मजकूर तयार स्टॅम्पमध्ये मिळाला नाही तर पांढऱ्या, मऊ खोडरबरावर स्वतः कोरा. छोटा शब्द घ्या: "शुभेच्छा", "आनंद", किंवा नुसतं एक अक्षर.

१. शब्द ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सुलटा लिहा. रेषा किमान २ मिलिमीटर जाड ठेवा.

२. ट्रेसिंग खोडरबरावर पालथा ठेवा आणि पाठीवरून नखानं घासा. खोडरबरावर अक्षरं उलटी उमटली पाहिजेत. ती तिथे सुलटी वाचता येत असतील तर थांबा, कागदावर उलटी येतील.

३. आधी अक्षरांच्या आतल्या बंद पोकळ्या कोरा: "भ"ची गाठ, वेलांटीच्या पोटातली जागा. भोवतीचं रबर अखंड असताना हे नाजूक काम सुरक्षित होतं. बाहेरची बाजू नंतर.

४. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे प्रत्येक रेषा खाली रुंद आणि वर निमुळती राहते. रेषेच्या खाली पोकळ झालं तर दाबाखाली ती वाकते किंवा तुटते. अनुस्वाराच्या टिंबाचं नेमकं हेच होतं. त्याच्याभोवती टेकडीसारखा उतार सोडा.

५. वळणावर पातं फिरवू नका, खोडरबर फिरवा.

६. फिकट डाय शाईनं चाचणी ठसा घ्या. नको तिथे उमटणारे उंचवटे त्या ठशात दिसतील, तेवढेच काढा.

शिरोरेषा इथे मोठी मदत करते: सगळी अक्षरं तिला जोडलेली असल्यानं एक शब्द एकसंध राहतो. कोरताना ती तोडू नका.

## टप्पा १०: पाया दुमडा आणि जोडणी करा

घडीची जागा पट्टी धरून बोथट टोकानं, म्हणजे बोन फोल्डर (घडी दाबायची गुळगुळीत, चपटी पट्टी) किंवा रिकाम्या बॉलपेननं, दाबून ओढा. खाच एका बाजूला पडते, मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी अशी घाला की उंचवटा आत जाईल आणि खाच बाहेर राहील. हे बहुतेकांना उलट वाटतं, पण असं दुमडल्यानं बाहेरचे तंतू कमी ताणले जातात. घडी घातल्यावर वर रद्दी कागद ठेवून त्यावरून बोन फोल्डर फिरवा. थेट फिरवला तर रंगीत कागदावर चकचकीत ओरखडा राहतो.

दर्शनी तुकडा डबलसाइड टेपनं चिकटवा. पातळ डिंकानं कागद फुगतो. टेपचा वरचा कागद आधी फक्त कोपऱ्यांवर सोला, तुकडा नीट बसवून घ्या, मग उरलेला ओढून काढा. फोम टेपनं छान उठाव येतो, पण कार्ड टपालानं जाणार असेल तर एकच थर, तोही मधोमध. जाड कार्ड टपालाच्या यंत्रात दबतं आणि उठावाचा आकार पाकिटावर उमटतो.

तपासा: कार्ड बंद करून घडीच्या बाजूनं पाहा. पुढची आणि मागची कड जुळत नसेल तर चिकटवण्याआधीच कटरनं बाहेर आलेली कड छाटा.

## टप्पा ११: पाकीट घरी करायचं असेल तर

ए-४ कागदातून २१ सेंमीचा चौरस कापा. १०० ते १२० जीएसएम पुरे. ए-६ कार्ड चौरसाच्या मधोमध असं ठेवा की चौरसाचे कोपरे कार्डाच्या चार बाजूंकडे येतील. डावा आणि उजवा कोपरा कार्डावर दुमडा, मात्र कार्डाला चिकटून नव्हे. दोन्हीकडे २ मिलिमीटर मोकळे सोडा. मग खालचा आणि वरचा, तितकीच मोकळीक ठेवून. सगळं उघडा आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला बाहेरचा छोटा त्रिकोण कापून टाका. पाकिटावर ठसा हवा असेल तर तो आत्ता, कागद उलगडलेला असताना. नंतर बाजूचे कोपरे आत, खालचा त्यांच्यावर डिंकानं, वरचा उघडा.

पत्ता लिहायची बाजू मोकळी ठेवा. ठसा खालच्या डाव्या कोपऱ्यात किंवा मागच्या झाकणावर.

## टप्पा १२: सजावट: चुणीदार चक्र, गोळा, वेष्टन

चुणीदार चक्र. पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट व्यास मिळतो आणि पट्टीची लांबी रुंदीच्या साधारण १२ पट लागते. १० सेंमीचं चक्र हवं तर ५ सेंमी रुंद आणि ६० सेंमीच्या आसपास लांब पट्टी, म्हणजे ए-४ची उभी कापलेली दोन पट्ट्यांची जोड. लांबी कमी पडली तर मधलं भोक मिटत नाही, आणि कितीही गोंद लावला तरी चक्र उघडतं.

पट्टीच्या एका कडेला ठसे मारा, ती चक्राची बाहेरची कड होईल. वाळल्यावर दर १ सेंमीवर खाच ओढा आणि पंख्यासारख्या आलटूनपालटून घड्या घाला. टोकं जोडण्याआधी पाहा: एका टोकाची घडी वर आणि दुसऱ्याची खाली जाणारी हवी. दोन्ही सारख्या असतील तर एक चुणी कापा. टोकं चिकटवून वळं करा, उभं ठेवा, वरची कड मध्याकडे ढकलत सपाट करा आणि ४ सेंमीचं कागदी वर्तुळ मागून हॉट ग्लूनं लावा. गोंद थंड होईपर्यंत हात काढू नका. पुढून ठशाचं दुसरं वर्तुळ.

टांगायचा गोळा. ६ सेंमी व्यासाची ८ वर्तुळं छापून कापा, ठसा आत येईल अशी निम्म्यावर दुमडा. एकाच्या पाठीचा अर्धा भाग पुढच्याच्या पाठीच्या अर्ध्या भागाला चिकटवत जा. शेवटची जोड बंद करण्याआधी मधल्या कण्यात दोरा ठेवा. दोरा विसरला तर नंतर तो नीट बसवता येत नाही.

वेष्टनाचा कागद. डाय शाईच वापरा; पिगमेंट हाताळताना हाताला लागते. सुरुवात मधोमध करा, आणि विटांच्या रचनेप्रमाणे एका ओळीतला ठसा दुसऱ्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर आणा. मोठे ठसे संपूर्ण कागदभर झाल्यावरच लहान ठिपके, पानं, तारे भरा. लेबलांना उरलेले ५ × १० सेंमीचे तुकडे पुरतात.

## टप्पा १३: स्टॅम्प ठेवून देण्याआधी

शाई वाळण्याआधी पुसा. ओलसर, धागे न सोडणारा कपडा बहुतेक डाय आणि पिगमेंट शायांना पुरतो. खोबणीत अडकलेल्या शाईला मऊ टूथब्रश. लाकडी ठोकळा पाण्यात बुडवू नका, गोंद सुटून रबर उचकटतं. क्लिअर स्टॅम्पची चिकटण्याची ताकद कमी झाली असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा आणि हवेवर वाळवा, ती बहुधा परत येते. त्यांना अल्कोहोलचे वाइप्स लावू नका आणि ऊन लागू देऊ नका. ते पिवळे आणि कडक होतात. रबरावर शाईचा रंग कायमचा चढला तर चिंता नको, त्यानं पुढच्या ठशाला काही होत नाही. फिकट पॅडला हात लावण्याआधी मात्र एक ठसा कपट्यावर मारा, म्हणजे उरलेली गडद शाई पॅडमध्ये उतरणार नाही.